जुनी मस्टँग घेताना: व्ही६, इकोबूस्ट की जीटी?

फोर्डची जुनी मस्टँग घ्यायची ठरली की आधी रंगावरून वाद होतो, लाल घ्यायची की ती काळी पट्टेवाली, आणि इंजिनाचा विचार थेट डीलरच्या दारात उभं राहिल्यावर सुरू होतो. माझा भाचा एमएस संपवून इथे न्यू जर्सीत नोकरीला लागला तेव्हा त्याचंही हेच झालं. रोज रात्री फोटो, मामा ही बघ, मामा ती बघ, आणि मी विचारलं की अरे यातली व्ही६ कुठली नि इकोबूस्ट कुठली तर म्हणाला सगळ्या सारख्याच दिसतात. दिसतातच. फोर्डने तीन वेगळ्या इंजिनांना, सहा सिलिंडरची व्ही६, चार सिलिंडर टर्बोची इकोबूस्ट आणि आठ सिलिंडरची जीटी, एकच कपडे घातलेत, म्हणून आतलं बघायला शिकावं लागतं. त्याला फोनवर तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे एकत्र लिहून ठेवतोय.

मी बोलतोय ते २०१५ पासून २०२३ पर्यंतच्या मस्टँगबद्दल, म्हणजे सहावी पिढी, मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं ती. त्याआधीची स्वस्तात मिळत असेल तर एकच रेघ लक्षात ठेवा, २०११. त्या वर्षी ३.७ लिटरची व्ही६ ३०५ हॉर्सपॉवरने आली आणि जीटीत ५.० लिटरची व्ही८ ४१२ ने. २०१० च्या व्ही६ मध्ये ४ लिटरचं जुनं इंजिन होतं, अवघी २१० हॉर्सपॉवर. एका वर्षात एवढा फरक पडलाय, त्यामुळे हजार डॉलर वाचवायला २०१० घेऊ नका. आणि २००५ ते २००८ च्या सुरुवातीपर्यंतच्या ४.६ जीटीचे स्पार्क प्लग काढताना आतच तुटतात, मेकॅनिकला विचारा, नुसतं नाव काढलं तरी तोंड वाकडं करेल.

आता २०१५ नंतरचं. २०१५ ते २०१७ ही तीन वर्षं तिन्ही इंजिनं मिळायची. ३.७ व्ही६, ३०० हॉर्सपॉवर. २.३ लिटर चार सिलिंडर टर्बो, म्हणजे इकोबूस्ट, ३१०. आणि जीटीची ५.० व्ही८, ४३५. २०१८ ला व्ही६ बंद झाली, इकोबूस्टची हॉर्सपॉवर तेवढीच राहिली पण टॉर्क ३२० वरून ३५० पाउंड-फूट झाला, आणि जीटी ४६० वर गेली. कागदावर व्ही६ आणि इकोबूस्टमध्ये दहाचा फरक दिसतो, पण चालवताना दोघी अगदी वेगळ्या आहेत. इकोबूस्टचा सगळा जोर ३००० आरपीएमच्या आसपास येऊन बसतो, गावातल्या सिग्नलवर, चढावर, २८७ हायवेवर मर्ज होताना पायाला लगेच उत्तर मिळतं, फक्त टर्बो जागा व्हायला अर्धा श्वास लागतो. पण वर ओढत नेली की साडेपाच हजारानंतर दम संपतो. व्ही६ उलटी, खाली जरा सुस्त आणि साडेसहा हजारापर्यंत खेचत राहते. जीटीबद्दल काय सांगू, ती खालीही आहे, वरही आहे, आणि आवाज आहे. इकोबूस्टमध्ये फोर्डने इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवलाय, हे एकदा कळलं की मग तो तुम्हाला सतत जाणवतो. मला तरी जाणवतो. पण एक गोष्ट इकोबूस्टच्या बाजूची, तिचं नाक हलकं आहे, जीटीपेक्षा साधारण ८० किलोने गाडी कमी भरते, आणि वळणांच्या रस्त्यावर हे स्टिअरिंगला कळतं.

भाच्याचा पहिला हट्ट इकोबूस्टचा होता, कारण अ‍ॅव्हरेज. आपल्या माणसाला अ‍ॅव्हरेजवर बोलायला लावा, रात्र सरेल. तर मी त्याला हिशोब करायला बसवला. ऑटोमॅटिक २०१५ ची धरली तर सरकारी आकडे शहर-हायवे मिळून असे, इकोबूस्ट २५ माइल, व्ही६ साधारण २२, जीटी १९, गॅलनला. वर्षाला १२,००० माइल चालवली तर इकोबूस्टला ४८० गॅलन लागतात, व्ही६ ला ५४५, जीटीला ६३२. साधा गॅस, म्हणजे इथलं पेट्रोल, गॅलनला साडेतीन डॉलर धरा, इकोबूस्ट जीटीपेक्षा वर्षाला पाचशे तीसेक डॉलर वाचवते. छान. पण ती ३१० हॉर्सपॉवर मोजली आहे ९३ ऑक्टेनवर, म्हणजे महागड्या प्रीमियम गॅसवर. ८७, म्हणजे साधा गॅस, चालतं, फोर्ड चालतं म्हणते, पण मग ठिणगीचं टायमिंग मागे ओढलं जातं आणि ज्या जोरासाठी टर्बो घेतला तोच कमी होतो. शिवाय कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये जोरात दाबायची सवय असेल तर डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बोला स्वस्त गॅस सोसत नाही, आत अवेळी स्फोट होतात, पिस्टनला ते बाधतं. म्हणजे शहाणा माणूस प्रीमियमच टाकणार. प्रीमियम ४.४० धरा, ४८० गॅलनचे झाले २,११२ डॉलर. जीटीत ८७ टाकलं तर (तिलाही चालतं, थोडी ताकद जाते, पण ४३५ मधून थोडी गेली तर कोणाला कळणारे) २,२१२. फरक शंभर डॉलर! आणि व्ही६ साधा गॅस पिऊन १,९०८ मध्ये सगळ्यात स्वस्त. तुमच्या गावातले भाव टाकून हा हिशोब पुन्हा करा, पण अ‍ॅव्हरेजसाठी इकोबूस्ट हे वाक्य मात्र त्याआधी बोलू नका.

आता मुद्द्याचं. नवी गाडी घेताना तुम्ही इंजिन निवडता, जुनी घेताना त्या इंजिनासोबत आधीचा मालकही पदरात पडतो. आणि या तीन इंजिनांचे मालक तीन वेगळ्या जातकुळीचे असतात.

व्ही६ कोणी घेतली? रेंटल कंपन्यांनी खूप घेतल्या, ज्यांना फक्त मस्टँग दिसायला हवी होती अशांनी घेतल्या, रिटायर झालेल्या काकांनी घेतल्या. २०१५ पासून फोर्डनेच तिला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं, परफॉर्मन्स पॅकेजही (जास्त चांगल्या ब्रेक-सस्पेन्शनचा पर्याय) तिला ठेवलं नाही, त्यामुळे हौशी पोरं तिकडे फिरकलीच नाहीत. जुनी गाडी म्हणून हीच तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. कोणी तिच्यात काही बदललेलं नसतं, फार तर सीटवर कॉफी सांडलेली असते. इंजिनही साधं, टर्बो नाही, पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात, टाइमिंग चेन आहे, ६ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) ऑइल. नेटवर वाचाल की या खानदानातल्या इंजिनांचा वॉटर पंप आतून गळतो आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. खरं आहे, पण ते एक्सप्लोरर, एज अशा इंजिन आडवं बसवलेल्या गाड्यांचं, तिथे पंप आत टाइमिंग चेनवर फिरतो. मस्टँगमध्ये इंजिन उभं आहे, पंप बाहेर पट्ट्यावर. हे माहीत नसल्यामुळे लोक व्ही६ मस्टँगला उगाच घाबरतात आणि त्यामुळे भाव पडून मिळतो, आपला फायदा.

रेंटलमधून आलेली असेल तर घाबरायचं का? कारफॅक्समध्ये, म्हणजे गाडीचा आधीचा इतिहास देणाऱ्या रिपोर्टमध्ये, ते लिहिलेलं असतं. ऑइल वेळेवर बदललेलं असतं बहुतेक, पण थंड इंजिनावर टायर जाळणारे टुरिस्टही त्यातच बसलेले असतात. रिम खरवडलेले, बंपर पुन्हा रंगवलेला, हे बघा. इंजिनापेक्षा बॉडीची काळजी तिथे जास्त.

इकोबूस्टचा मालक म्हणजे वेगळा प्राणी. तिच्यात फारशी मेहनत न घेता ताकद वाढते, एक छोटा डबा ओबीडीच्या पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायची जागा) लावला, ट्यून, म्हणजे इंजिनाचं बदललेलं सॉफ्टवेअर, टाकला, झालं. विकताना तो डबा काढून घेतात, स्टॉक ट्यून परत टाकतात आणि जाहिरातीत लिहितात एकदम स्टॉक. मग ओळखायचं कसं? इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) बघा, पुढच्या ग्रिलमधून वाकून, स्टॉकपेक्षा जाड असेल तर कोणीतरी खेळलंय, कारण मूळचा इंटरकूलर दोनचार वेळा दाबली की तापतो आणि ट्यूनवाले पहिली गोष्ट तीच बदलतात. एअर बॉक्सच्या क्लॅम्पवर स्क्रू ड्रायव्हरच्या खुणा, नवेकोरे होज जुन्या इंजिनावर, पोर्टच्या आजूबाजूचं प्लॅस्टिक घासलेलं. यातलं काहीही दिसलं तर सरळ विचारा, ट्यून कुठला होता नि कोणी केला. जो माणूस पावत्या काढून दाखवतो त्याच्याकडून मोडिफाय केलेली घ्यायलाही माझी हरकत नाही, जो म्हणतो मला काय माहीत मी तर दुसरा मालक, तिथून निघा.

या इंजिनाच्या बाबतीत कूलंट हा विषय महत्त्वाचा. हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) आणि हेडच्या तक्रारी मालक लोक करतात, जास्त करून ट्यून केलेल्या गाड्यांच्या. इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीत पातळी बघा, कमी असेल आणि गाडीखाली कुठे गळती दिसत नसेल तर ते कूलंट कुठे गेलं हा प्रश्न आहे. सुरू केल्यावर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर दोन मिनिटांनंतरही येत राहिला तर उत्तर मिळालं. दुसरं म्हणजे व्हॉल्व्हवरचा कार्बन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत, त्यामुळे साठसत्तर हजार माइलच्या गाडीचं आयडल (गाडी उभी असताना इंजिनाचं फिरणं) थरथरतं का ते बघा. अक्रोडाच्या टरफलाचा भुसा मारून ते साफ करतात, ऐकायला गंमत वाटते पण काम होतं. आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या. डॅशबोर्डवरचा दिवा सांगेल तेव्हा, म्हणजे काही वेळा दहा हजार माइलला बदलणारा मालक मला टर्बोला चालत नाही, पाच हजारवाला बघा.

मी स्वतः एकदा फसता फसता वाचलोय. एका छोट्या डीलरकडे २०१६ ची इकोबूस्ट, किंमत दोन हजाराने कमी, गेलो तर गाडी दारात सुरू करून ठेवलेली, म्हणे तुमच्यासाठी गरम करून ठेवली, बाहेर थंडी आहे ना. किती माया. बॉनेटला हात लावला तर चटका. मी वीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर लावला, एकही कोड नाही, सगळं साफ, पण रेडीनेस मॉनिटर, म्हणजे कोड पुसल्यावर गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या पुन्हा करते त्या, एकही पूर्ण नाही. म्हणजे नुकतेच कोणीतरी कोड पुसले असणार. मॉनिटर भरायला गाडी काही दिवस नीट चालावी लागते, ते खोटं करणं सोपं नाही. तेव्हापासून माझा नियम असा की फोनवरच सांगायचं, मी येईन तेव्हा इंजिन गार पाहिजे, नाहीतर येणार नाही. हा नियम तिन्ही इंजिनांना.

जीटीचे मालक दोन टोकांचे. एक जो रविवारी पुसतो आणि पावसात बाहेर काढत नाही, दुसरा जो पार्किंग लॉटमधून निघताना सगळ्यांना दाखवून निघतो. २०१५ पासून जीटीत लाइन लॉक नावाची सोय आहे, बटणाने पुढचे ब्रेक धरून ठेवते आणि मागचे टायर जागच्या जागी फिरवून धूर काढता येतो. फोर्ड म्हणते फक्त ट्रॅकवर वापरा. हं. तर जीटी बघायला गेलात की आधी मागचे टायर बघा, पुढचे जुने आणि मागचे कोरे, दोन्हीच्या भिंतीवर बनावटीचा आठवडा-वर्ष छापलेलं असतं ते जुळवा. मागच्या चाकांच्या कमानीत आत रबराचे तुकडे चिकटलेले, वळताना मागून करकर, डिफरन्शियलचा आवाज. बॉनेट, फेंडरच्या फटी दोन्हीकडे सारख्या आहेत का. ताकदीच्या मानाने अनुभव कमी असला की ही गाडी मागून सुटते, आणि फुटपाथवर चढलेल्या जीटी पुन्हा रंगवून बाजारात येतात.

इंजिन म्हणून मात्र ५.० दणकट आहे. माझं मत, जीटीच घ्यायची असेल तर दोन वेगळ्या गाड्या समजून ठरवा. २०१५ ते २०१७ ची, कॉम्प्रेशन ११, साधं पोर्ट इंजेक्शन, जुनी ६ गिअरची ऑटोमॅटिक, ८ क्वार्ट ऑइल. २०१८ नंतरची, कॉम्प्रेशन १२, दोन्ही प्रकारचं इंजेक्शन, ७५०० पर्यंत फिरते, १० गिअरची ऑटोमॅटिक, ऑइल १० क्वार्ट. दुसरी जास्त वेगवान आहे यात वादच नाही. पण तिच्या सुरुवातीच्या वर्षांत गरम झाल्यावर आयडलला टाइपरायटरसारखी टिकटिक ऐकू येते अशी तक्रार बरीच, आणि तो दहा गिअरचा डबा कमी वेगात धक्के देतो अशीही. वीस मिनिटं चालवून, पूर्ण गरम करून, भिंतीजवळ खिडक्या खाली करून उभी करा आणि कान द्या. बिल्डिंगच्या भिंतीवरून आवाज परत येतो, तिथे सगळं ऐकू येतं. ऑइलची दांडी ओढून बघा, पातळी खाली असेल तर मालकाला विचारा दोन बदलांच्या मध्ये किती घालतो. मॅन्युअल असेल तर, कुठल्याही इंजिनाची, सकाळी गार असताना पहिल्यातून दुसऱ्यात टाकून बघा, अडखळणं या गिअरबॉक्सचं जुनं दुखणं आहे. जरासं अडखळून गरम झाल्यावर नीट होत असेल तर चालतं, खरखरत असेल तर नाही.

एक फसवणूक सांगायची राहिली. इकोबूस्टला किंवा व्ही६ ला फेंडरवर ५.० चा बिल्ला चिकटवून, मोठा सायलेन्सर लावून जीटी म्हणून दाखवणारे आहेत. बॉनेट उघडलं की कळतंच, पण प्रवास वाचवायचा तर व्हिन नंबर (गाडीचा चेसिस नंबर) मागवा आणि आठवं अक्षर बघा. एफ असेल तर ५.० व्ही८, एच असेल तर इकोबूस्ट, एम असेल तर व्ही६. त्याच व्हिनवर एनएचटीएसएच्या (अमेरिकन सरकारची वाहन सुरक्षा संस्था) साइटवर रिकॉल उरलाय का ते फुकट दिसतं. टायटल (मालकीचा कागद) क्लीन आहे का ते बघा, रिबिल्ट, म्हणजे मोठ्या नुकसानीनंतर पुन्हा उभी केलेली, असेल तर कितीही स्वस्त असो, स्पोर्ट्स कूपे रिबिल्ट टायटलवर मी घेणार नाही.

कॅलिफोर्नियातल्या लोकांनी अजून एक बघायचं. तिथल्या स्मॉग टेस्टमध्ये (गाडीच्या धुराची तपासणी) जुलै २०२१ पासून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय का तेही तपासतात, त्यामुळे ट्यून असलेली इकोबूस्ट तिथे फेल होऊ शकते आणि परत स्टॉकवर आणायचा खर्च तुमच्या गळ्यात. विक्रेत्याला सांगा स्मॉग करून दे मग पैसे.

आणि पुण्यामुंबईहून चुलत भाऊ विचारतात आमच्याकडे कुठली घ्यावी, तर बाबांनो तुमच्याकडे हा प्रश्नच नाही, भारतात २०१६ ला आली ती फक्त व्ही८ आणि फक्त ऑटोमॅटिक. तुमचा प्रश्न पार्ट आणि सर्व्हिसचा, तो वेगळा विषय.

बर्फात राहणाऱ्यांसाठी इंजिनावरून एक गोष्ट ठरते. तिन्ही मागच्या चाकांवर चालतात, पण परफॉर्मन्स पॅकेजवाल्या जीटी आणि इकोबूस्टला उन्हाळी टायर येतात, ते साधारण सात डिग्री सेल्सियसच्या खाली कडक होतात, बर्फ पडायचीही गरज नाही. म्हणजे हिवाळी टायरचा दुसरा सेट, तो ठेवायला जागा, वर्षातून दोनदा बदलणं. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हा खर्च नि कटकट इंजिनाच्या किमतीत धरा.

आता जे लोक सगळ्यात शेवटी करतात आणि खरं तर आधी करायला हवं ते, इन्शुरन्स. आवडलेल्या तिन्ही गाड्यांचे व्हिन टाकून कोटेशन घ्या, गाडी बघायला जाण्याआधी. पंचविशीच्या आत असाल किंवा अमेरिकेतलं लायसन्स नवं असेल तर इंजिनामागे पडणारा फरक गॅसच्या हिशोबाला झोपवतो. भाच्याने तिन्ही घेतले, जीटीचा आकडा बघून पाच मिनिटं काही बोललाच नाही, मग म्हणाला मामा तू म्हणालेलास ती व्ही६ कुठे होती.

२०१७ ची मिळाली, ऑटोमॅटिक, एकच मालक, पेन्सिल्व्हेनियातले एक आजोबा, सगळ्या पावत्या बुटाच्या खोक्यात तारखेप्रमाणे लावलेल्या. इंजिन गार ठेवलं होतं, न सांगता. मेकॅनिकला दीडशे डॉलर देऊन लिफ्टवर चढवली, मागच्या ब्रेकचे पॅड सोडले तर काही निघालं नाही. रंग मात्र राखाडी. माझ्या बहिणीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघितली आणि म्हणाली, एवढे पैसे घातले आणि लाल नाही घेतली?